छाट

होटगी रोडला चौथ्या मजल्यावर आमची कंपनी आहे.
खरं तर कंपनी बंगळुरूत आहे,
आणि त्याहून खरं तर कुठेच नाही.
इथे तिचे एसी आहेत
आणि आम्ही अठ्ठेचाळीस जण, हेडफोन लावलेले.

मार्चमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर मोठे साहेब दिसले.
पांढरे बूट. हातात कागदसुद्धा नाही.
म्हणाले, आपण नव्यानं जन्म घेतोय.
हिरेमठ सरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या,
मग आम्ही.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.

नवा जन्म म्हणजे असा:
तक्रार आली की मशीन उत्तर लिहितं.
मी वाचते आणि दाबते,
ठीक, किंवा ठीक नाही.
ठीक नाही दाबलं की खाली चौकट उघडते:
कारण लिहा.

बार्शीचे एक काका. तीन दिवस नेट बंद,
लेक मस्कतला, नातू दिसला नाही.
मशीननं लिहिलं, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
ठीक नाही.
कारण: आधी नातवाचं नाव विचारावं.

आई म्हणाली, म्हणजे तू चेकर झालीस.
आईच्या तोंडी हा शब्द चांगला नाही.
चाळीस वर्षं ती विडी घरकुलातून
रोजच्या हजार विड्या कारखान्यात नेऊन देते.
चेकर मुठीत कट्टा धरतो, अंगठ्यानं दाबतो:
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड उघडं,
छाट.
छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत.
पानं तुम्हीच फाटकी दिली होती
असं म्हणायची सोय नाही.

वाजिद पहिल्या यादीत गेला.
यादीला यादी म्हणायचं नव्हतं, पुढची वाट म्हणायचं होतं.
कानडी, तेलुगू, मराठी, दखनी,
एकाच वाक्यात चारी वापरून तो माणसाला शांत करायचा.
जाण्याआधी दोन आठवडे
त्यानं सगळं मशीनला भरवलं:
कुठे थांबायचं, कुठे नुसतं हं म्हणायचं,
कुणाला 'बे' चालतं आणि कुणाला राग येतो.
शेवटच्या दिवशी डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
म्हणाला, श्रीलता, ते आपल्यापेक्षा गुणी आहे बघ,
जेवायलाही उठत नाही.
भाकरी मोडल्याचा आवाज
पूर्ण मजल्यावर ऐकू आला.

एप्रिल संपता संपता
मशीननं कुणा अनोळखी बाईला लिहिलं:
ताई, आधी पाणी प्या. मी आहे लाईनवर.

माझं वाक्य.
दोन हजार सोळा, रात्रपाळी,
पलीकडे कुणी रडत होतं, तेव्हा तोंडून गेलेलं.
स्क्रिप्टमध्ये नव्हतं
म्हणून माझे दोन गुण कापले होते.

आता ते स्क्रिप्टमध्ये आहे.
आता ते एका मिनिटाला कितीदा म्हटलं जातं
मला माहीत नाही,
आणि लाईनवर कोण आहे तेही.

बराच वेळ बोट वर धरून बसले.
मग दाबलं, ठीक.
वाक्य चांगलंच होतं.

रात्री आईला सांगितलं, आम्ही आता नऊच उरलो.
ती फर्मा ठेवून पान कापत होती.
कात्री थांबली नाही.
म्हणाली, तू नको म्हणतेस ती उत्तरं
फेकून देतात का गं?

नाही आई. ठेवतात.
त्यांच्यावरूनच तर ते शिकतं.

हां, आई म्हणाली.
छाटलेली विडीसुद्धा
चेकरनं कधी परत दिली नाही.

मग ती मोजायला लागली, तेलुगूत,
पंचविसाचा एकेक कट्टा.
मी सुपातली एक उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली.
सैल होती.
आईचं लक्ष नव्हतं.
मी ती कट्ट्यात घातली, मधोमध,
आणि वरून दोरा घट्ट बांधला.